चिनी पुडी आणि हजारो वर्षांचा दाखला

बेल्जियमची राजधानी ब्रुसेल्स. १९९२ मध्ये तिथल्या विद्यापीठाच्या रुग्णालयात दोन स्त्रिया उपचारांसाठी आल्या. दोघींचे वय पन्नाशीच्या आत. दोघींची मूत्रपिंडे थोड्याच काळात इतकी खराब झाली होती की मूत्रपिंडतज्ज्ञ झाँ-लुई व्हानहर्वेगेम यांना त्याचे कारण लागेना. चौकशी करता करता एक धागा सापडला. दोघीही वजन कमी करण्यासाठी शहरातल्या एकाच दवाखान्यात जात होत्या.

मग शोध सुरू झाला आणि त्याच दवाखान्यात उपचार घेतलेल्या आणखी रुग्ण सापडल्या. दवाखाना नवा नव्हता. जवळपास पंधरा वर्षे तिथे बारीक होण्याचे उपचार चालू होते आणि अशी तक्रार कधी आली नव्हती. मात्र मे १९९० मध्ये एक बदल झाला होता. नेहमीच्या औषधांच्या मिश्रणात दोन चिनी वनस्पतींची भुकटी घालायला सुरुवात झाली होती. १९९३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नऊ स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध झाली. पुढच्या काही वर्षांत रुग्णांचा आकडा शंभराच्या वर गेला. त्यांतल्या कित्येकींवर डायलिसिसची किंवा मूत्रपिंड बदलण्याची वेळ आली. सगळ्यांची मूळ तक्रार एकच होती, वजन थोडे जास्त आहे.

पुडीतल्या एका वनस्पतीचे चिनी नाव ‘फांग जी’. अडचण अशी की चीनमध्ये या नावाच्या एकाहून अधिक वनस्पती आहेत. ‘हान फांग जी’ म्हणजे स्टेफानिया, ती दवाखान्याला हवी होती. ‘ग्वांग फांग जी’ म्हणजे ॲरिस्टोलोकिया कुळातली अगदी वेगळी वेल, आणि पुडीत आली ती ही. वाळवून दळलेली मुळे डोळ्यांनी ओळखणे कठीण असते. ॲरिस्टोलोकियात ॲरिस्टोलोकिक आम्ल असते. ते मूत्रपिंडातल्या नलिकांच्या पेशींत शिरून थेट डीएनएला चिकटते. पेशी मरतात. ज्या जगतात त्यांच्यात कर्करोगाचे बीज पेरले जाते.

ते बीज उगवल्याचे २००० मध्ये दिसले. मूत्रपिंडे निकामी झालेल्या ३९ रुग्णांनी, पुढचा धोका नको म्हणून, आपली निरुपयोगी मूत्रपिंडे आणि मूत्रवाहिन्या काढून टाकायला संमती दिली होती. काढलेले भाग तपासले तेव्हा १८ जणांत कर्करोग आढळला. उरलेल्यांपैकी बहुतेकांच्या पेशी त्या वाटेवर होत्या. ज्यांनी एकूण २०० ग्रॅमहून अधिक भुकटी खाल्ली होती, त्यांना धोका जास्त होता. २०० ग्रॅम म्हणजे वाणसामानातली एक लहानशी पुडी. दोन वर्षांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲरिस्टोलोकिया असलेली औषधे माणसात निश्चित कर्करोग करणाऱ्यांच्या यादीत टाकली.

नावांचा हा घोळ आपल्याकडच्या वाचकाला परका वाटू नये. ‘ब्राह्मी’ म्हणून एका प्रांतात एक वनस्पती मिळते, दुसऱ्या प्रांतात दुसरी. ‘शंखपुष्पी’ या नावाखाली निदान तीन वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात. इतकेच काय, ॲरिस्टोलोकिया कुळातली ईश्वरी किंवा सापसंद आपल्याकडेही झाडपाल्याच्या औषधांत वापरली गेली आहे, आणि ते आम्ल तिच्यातही आहे.

ब्रुसेल्सच्या प्रकरणावर पारंपरिक चिनी वैद्यकाच्या बाजूने दिले जाणारे उत्तर ठरलेले आहे. हा चिनी वैद्यकाचा दोष नव्हे, कोणत्याही जाणत्या चिनी वैद्याने ही पुडी दिली नसती. या उत्तरात तथ्य आहे. फांग जी हे चिनी परंपरेत अंगावरची सूज आणि साचलेले पाणी उतरवण्याचे औषध आहे, सडपातळ होण्याचे नव्हे. शिवाय बेल्जियमच्या त्या मिश्रणात भूक मारणारी फेनफ्लुरामिनसारखी आधुनिक औषधे, रेचके आणि लघवी वाढवणारे औषधही होते. चिनी वैद्यकाचे फक्त नाव वापरले गेले होते.

पण हे उत्तर अर्धेच आहे. ॲरिस्टोलोकिया कुळातल्या काही वनस्पती चीनमध्ये अधिकृत औषधे म्हणून वापरात होत्या. चीनने त्यांतल्या प्रमुख वनस्पतींवर बंदी आणली ती २००३ आणि २००४ मध्ये, म्हणजे ‘लॅन्सेट’मधल्या लेखानंतर दहा-अकरा वर्षांनी. तैवानमध्येही २००३ मध्येच बंदी आली. तिथल्या आरोग्यविम्याच्या नोंदी नंतर तपासल्या तेव्हा १९९७ ते २००३ या काळात सुमारे एक तृतीयांश लोकसंख्येला हे आम्ल असण्याची शक्यता असलेले औषध कधी ना कधी लिहून दिले गेल्याचे दिसले. तैवानमध्ये मूत्रमार्गाच्या वरच्या भागातल्या कर्करोगाचे प्रमाण असाधारण आहे, त्याचे एक कारण इथे सापडते.

मग हजारो वर्षांत हे कोणाच्याच लक्षात कसे आले नाही? वैद्य आंधळे होते म्हणून नव्हे. औषध घेतल्यावर त्याच रात्री ज्याला उलट्या होतात तो वैद्याच्या लक्षात राहतो. ज्याची मूत्रपिंडे पाच वर्षांनी बसतात, किंवा ज्याला वीस वर्षांनी कर्करोग होतो, तो त्या पुडीचे नावही विसरलेला असतो. तोवर गाव बदललेले असते, वैद्य बदललेला असतो, आणि मृत्यूचे कारण म्हणून दुसरेच काही सांगितले जाते. अनुभवाने तातडीचे विष ओळखता येते. संथ विष ओळखायला नोंदी लागतात, ते औषध न घेतलेल्यांशी तुलना लागते, आणि शेकडो लोकांकडे बरीच वर्षे लक्ष ठेवावे लागते. कोणत्याही जुन्या परंपरेकडे हे साधन नव्हते. युरोपच्या जुन्या वैद्यकाकडेही नव्हते. ॲरिस्टोलोकिया तिथेही बाळंतपणात दिली जात असे.

म्हणून ‘हजारो वर्षे वापरात आहे’ हा वाक्प्रयोग बारीक होण्याच्या पुडीवर दिसला की त्याचा अर्थ नीट तपासला पाहिजे. त्यातून फार तर एवढेच कळते की हे खाऊन माणूस जागच्या जागी मरत नाही.

दुसरी गोष्ट याहून कमी बोलली जाते. चिनी परंपरेला वजन कमी करण्याचा हजारो वर्षांचा अनुभव मुळात आहे का? स्थूलतेचा विचार तिच्यात नक्कीच आहे. ‘ह्वांगदी नेइजिंग’ या प्राचीन ग्रंथात श्रीमंतांच्या चमचमीत, तुपकट खाण्याशी आजार जोडलेले आहेत. पुढे स्थूलतेचा संबंध ‘पी’ या अवयवाच्या दुर्बलतेशी आणि शरीरात साचणाऱ्या ‘कफ-ओलाव्या’शी लावला गेला. पीचे भाषांतर प्लीहा असे करतात, पण चिनी कल्पनेत तो पचन सांभाळणारा कारभारी आहे. शवविच्छेदनात सापडणाऱ्या प्लीहेशी त्याचा फारसा संबंध नाही. आयुर्वेदातला मेदोरोग आणि कफ ज्यांना ऐकून माहीत आहेत त्यांना हे ओळखीचे वाटेल. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात निंद्य मानलेल्या आठ प्रकारच्या शरीरांत अतिस्थूल आहे, आणि त्याच्यासाठी जव, मूग, कुळीथ असा आहार सांगितला आहे.

पण ज्या समाजात दुष्काळ दर पिढीला दार ठोठावत होता, तिथे किती लोक वैद्याकडे वजन उतरवायला जात असतील? गर्दी होती ती ताप, खोकला, हगवण, बाळंतपण आणि जखमांची. आज ‘प्राचीन चिनी स्लिमिंग फॉर्म्युला’ म्हणून जे विकले जाते, ती बहुतेक वेळा दुसऱ्याच आजाराची औषधे असतात. सूज उतरवणारी, पोट साफ करणारी किंवा दमा मोकळा करणारी. त्यांच्या दुष्परिणामाला आता परिणाम म्हणतात, एवढेच.

माहुआंगचे उदाहरण घ्या. हे इफेड्रा नावाचे झुडूप. दुसऱ्या-तिसऱ्या शतकापासून चिनी वैद्य ते सर्दी-तापात घाम आणायला आणि दम्यात देत आले. ज्येष्ठमध, दालचिनीची डहाळी अशा जोडीदारांबरोबर, थोडे दिवस, घाम आला की बंद. १८८५ मध्ये जपानचे रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी त्यातून इफेड्रिन वेगळे केले आणि आधुनिक वैद्यकालाही दम्यावर एक औषध मिळाले. इफेड्रिनने हृदयाची गती वाढते, भूक मरते. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने पूरक आहाराच्या गोळ्या विक्रीपूर्व परवानगीशिवाय विकता येऊ लागल्यावर हेच झुडूप कॅफीनच्या जोडीने वजन कमी करण्यासाठी महिनोन् महिने खाल्ले जाऊ लागले. फायदा किती? २००३ मध्ये चाचण्यांचा एकत्रित हिशेब झाला तेव्हा तो खोट्या गोळीच्या तुलनेत महिन्याला साधारण ९०० ग्रॅम जास्त इतका निघाला, आणि सहा महिन्यांपलीकडची माहितीच नव्हती. धडधड, मानसिक अस्वस्थता यांची शक्यता मात्र दुप्पट-तिप्पट वाढत होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत स्टीव्ह बेक्लर हा २३ वर्षांचा बेसबॉलपटू सरावादरम्यान उष्माघाताने कोसळून मरण पावला. तो वजन उतरवण्यासाठी इफेड्रा घेत होता. २००४ मध्ये अमेरिकेने इफेड्रा असलेल्या पूरक गोळ्यांवर बंदी घातली. इथे परंपरेने स्वतः घालून दिलेली मर्यादा बाजाराने मोडली. नाव मात्र परंपरेचेच पुढे केले.

स्लिमिंग चहाची गोष्ट साधी आहे. त्यातल्या अनेकांत सोनामुखी किंवा रेवंदचिनी असते. सोनामुखीला चिनी भाषेत ‘परदेशी रेचक पान’ अशा अर्थाचे नाव आहे, म्हणजे ती चीनची स्वतःचीही नव्हे. जुलाब झाले की काट्यावर किलो-दीड किलो कमी दिसते. ते पाणी असते. दोन दिवसांत परत येते. चरबी जागची हलत नाही, कारण रेचकाचे काम मोठ्या आतड्यात, आणि अन्नातल्या उष्मांकांचे शोषण त्याआधीच लहान आतड्यात झालेले असते. रोज असे केले तर पोटॅशियम घटते, आतड्याला सवय लागते. मूळव्याधीचा त्रास असणाऱ्यांनी तर हा प्रयोग करून पाहूच नये.

सुयांचे काय? ॲक्युपंक्चरशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. १९३८ मध्ये सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबरोबर जे वैद्यकीय पथक चीनला गेले, त्यातले डॉ. बिजॉय कुमार बसू पुढे पन्नासच्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनमध्ये जाऊन ही विद्या शिकले आणि त्यांनी ती भारतात आणली. आज महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आहे. वजनाबाबत तिचे फळ किती, यावर बऱ्याच चाचण्या झाल्या आहेत, पण बहुतेक लहान आणि थोड्या आठवड्यांच्या. २००९ मध्ये त्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा खोट्या सुयांच्या तुलनेत फरक दीड किलोच्या आसपास दिसला, आणि चाचण्यांचा दर्जा कमकुवत असल्याचे आढावा घेणाऱ्यांनीच नोंदवले. निर्जंतुक सुया आणि शिकलेला हात असेल तर अपाय क्वचित होतो. ज्याला दीड किलोसाठी महिनाभर खेपा घालणे परवडते त्याने घालाव्यात, पण पंधरा किलोची आशा ठेवू नये.

कानाला चिकटवायच्या बियांचा सध्या बराच बोलबाला आहे. भूक लागली की कानावरची बी दाबायची. तीही ‘प्राचीन चिनी’ म्हणून विकली जाते. चिनी ग्रंथांत कानावरचे थोडे बिंदू आहेत खरे, पण गर्भात उलट्या असलेल्या बाळासारखा कानाचा जो नकाशा आज सगळीकडे दिसतो, तो १९५० च्या दशकात फ्रान्समधल्या लियाँचे डॉक्टर पॉल नोजिए यांनी मांडला. तिथून तो चीनमध्ये गेला आणि चिनी होऊन परत जगभर पसरला. बीने अपाय नाही, एवढे तिच्या बाजूने म्हणता येईल.

सर्वांत मोठा धोका मात्र वनस्पतींचा नाही. तो आहे पुडीत लपवलेल्या औषधांचा. २००२ मध्ये सिंगापूरमध्ये ‘स्लिम १०’ नावाच्या चिनी वनस्पतींच्या म्हणवणाऱ्या गोळ्या घेऊन एका लोकप्रिय टीव्ही अभिनेत्रीचे यकृत निकामी झाले. तिच्या प्रियकराने आपल्या यकृताचा भाग दिला म्हणून ती वाचली. दुसरी एक स्त्री दगावली. त्याच वर्षी जपानमध्ये चीनहून आलेल्या अशाच गोळ्यांनी शेकडो लोक आजारी पडले आणि काही मरण पावले. गोळ्यांत एन-नायट्रोसोफेनफ्लुरामिन सापडले. फेनफ्लुरामिन हृदयाच्या झडपा बिघडवते म्हणून १९९७ मध्ये बाजारातून गेले होते. हा त्याचाच रेणू किंचित बदलून, नेहमीच्या तपासणीत सापडणार नाही असा केलेला अवतार. हा कुठल्या ऋषीचा किंवा वैद्याचा शोध नव्हे. प्रयोगशाळेत बसून केलेली फसवणूक आहे ती.

त्यानंतर पाळी आली सिब्युट्रामिनची. सुमारे दहा हजार हृदयधोक्याच्या रुग्णांवरच्या चाचणीत हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात वाढलेले दिसल्यावर २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत ते बंद झाले, पाठोपाठ भारतातही बंदी आली. तरीही ‘शंभर टक्के नैसर्गिक’ कॅप्सूल, चहा आणि कॉफीत ते अमेरिकेच्या औषध प्रशासनाला वर्षानुवर्षे सापडत आले आहे, कधी फिनॉल्फ्थॅलिन या जुन्या रेचकासह. यातून एक विचित्र नियम निघतो. झाडपाल्याच्या पुडीने आठवड्यात खरोखर भूक मेली, झोप उडाली आणि काटा भराभर उतरला, तर ते औषध गुणाचे निघाले म्हणून आनंद मानू नये. पुडीत झाडपाला नाही, असा संशय घ्यावा.

मग चिनी औषधींत काहीच नाही का? आहे, आणि ते कसे काढावे हेही चीननेच दाखवले आहे. तू यूयू यांना २०१५ मध्ये नोबेल मिळाले ते जुन्या ग्रंथातल्या एका सूचनेवरून हिवतापाचे औषध शोधल्याबद्दल. पण त्यांनी ग्रंथ पुढे करून औषध विकले नाही. त्यांनी अर्क काढला, प्राण्यांवर पाहिला, स्वतः घेऊन पाहिला, रेणू वेगळा केला, आणि मग रुग्णांना दिला. स्थूलतेच्या बाबतीत ‘लेई गोंग तंग’ या वेलीतल्या सेलास्ट्रॉलचा २०१५ मध्ये बराच गाजावाजा झाला. हार्वर्डच्या उमुत ओझ्जान यांच्या प्रयोगशाळेत लठ्ठ उंदरांचे वजन त्याने जवळपास निम्म्याने घटवले. पण ती वेल स्वतः विषारी आहे, आणि उंदरांपासून माणसापर्यंतच्या रस्त्यात आजवर बहुतेक आशा गळून पडल्या आहेत. ‘निसर्गाचे ओझेम्पिक’ म्हणून २०२३ पासून मिरवणारे बर्बेरिन चिनी परंपरेत हगवणीचे औषध होते. आपल्या दारुहळदीतही ते आहे. लहान चाचण्यांत त्याने रक्तातली साखर थोडी उतरते, वजन दोनेक किलोच्या आसपास. इतर औषधांचा निचरा ते अडवते, त्यामुळे हृदयाच्या किंवा प्रत्यारोपणानंतरच्या गोळ्या चालू असलेल्यांनी ते परस्पर घेणे धोक्याचे, आणि गरोदरपणात तर नकोच. ओझेम्पिकशी त्याची बरोबरी लावणे म्हणजे नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

खुद्द चीन आज काय करतो हे पाहण्यासारखे आहे. २०२० च्या सरकारी अहवालानुसार तिथले निम्म्याहून अधिक प्रौढ अतिवजनाचे किंवा स्थूल आहेत. २०२४ मध्ये सरकारने वजन आटोक्यात आणण्याची तीन वर्षांची मोहीम सुरू केली आणि प्रौढांच्या स्थूलतेसाठी आहाराची मार्गदर्शिका काढली. तिच्यात कफ-ओलावा, पीची दुर्बलता असे पारंपरिक प्रकार आहेत आणि त्यांना साजेसे पदार्थही आहेत. पण कणा आहे तो उष्मांक कमी करण्याचा, भरड धान्ये आणि भाज्या वाढवण्याचा, तेल-साखर-मीठ कमी करण्याचा आणि आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे व्यायामाचा. परंपरा तिथे ताटात येते, पुडीत नाही. चिनी घरातले कोहळ्याचे सूप काय किंवा आपल्याकडचे कुळथाचे कढण काय, त्यातून वजन फार उतरेल असे नाही, पण कोणाचे मूत्रपिंडही जाणार नाही.

ज्यांनी अशी चिनी, देशी किंवा कुठलीही बेनाव पुडी आधीच घेतली आहे, त्यांनी ती थांबवून डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. वजनाच्या औषधाची लाज वाटते म्हणून पुष्कळ जण ते लपवतात. रक्तातले क्रिएटिनिन, यकृताच्या चाचण्या आणि लघवीची तपासणी या साध्या गोष्टी आहेत, जवळच्या कुठल्याही प्रयोगशाळेत होतात. आणि उरलेली पुडी रागाने किंवा भीतीने फेकून देऊ नये, पाकिटासह जपून ठेवावी. ब्रुसेल्समध्ये ‘स्टेफानिया’ म्हणून आलेल्या भुकटीचे नमुने हाताशी होते. त्यांचे रासायनिक पृथक्करण झाले म्हणूनच त्या स्त्रियांनी प्रत्यक्षात काय खाल्ले होते ते कळले.